मिरवणुकीत जळालेला क्लच

मिलिंद गेल्याचा फोन आला तेव्हा मी कोथरूडच्या घरी मेथी निवडत बसले होते. मिलिंद माझा धाकटा भाऊ, आणि फोन त्याच्या बायकोचा, सुषमाचा. “ताई, मिलिंद... बसमध्ये...” एवढंच ती बोलू शकली, पुढचं तिच्याजवळ उभ्या असलेल्या कुणा बाईंनी सांगितलं. रोजच्यासारखा तो सकाळी कर्वेनगरहून स्वारगेटच्या बसमध्ये बसला होता. स्वारगेटला उतरून हडपसरकडची दुसरी बस धरायची, हा त्याचा कित्येक वर्षांचा शिरस्ता. बस डेपोत शिरली, सगळे उतरले, हा खिडकीशी तसाच. कंडक्टरला वाटलं, डोळा लागला असेल. त्याने खांदा हलवून पाहिला... हृदय बंद पडलं होतं. साठीसुद्धा गाठली नव्हती त्याने. मेथी तशीच टाकून मी निघाले, आणि रिक्षात बसते न बसते तोच आमच्या एका मावसभावाचा फोन. त्याचा पहिला प्रश्न असा: “ताई, गाडी किती स्पीडला होती गं?”

हा प्रश्न बसबद्दल नव्हता. मिलिंदकडे एक जुनी स्पोर्ट्स कार होती, दोन सीटची, बुटकी, शेवाळी हिरव्या रंगाची. स्पोर्ट्स कारवाला माणूस अचानक गेला म्हणजे तो ठोकूनच गेला असणार, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. स्मशानातही दोघांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, “एक्स्प्रेसवेवर का?” मी म्हटलं, “सिटी बसमध्ये.” त्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जी निराशा पसरली ती मी जन्मात विसरणार नाही. बसमध्ये मेलेल्या माणसाची गोष्ट सांगण्यात मजा ती काय! पुढच्या दोन दिवसांत कर्वेनगरच्या चौकात फ्लेक्स लागला, ‘वेगाचा वेडा हरपला’. त्यावर मिलिंदचा चष्म्यातला फोटो आणि मागे इंटरनेटवरून उचललेली कुठलीतरी लालभडक गाडी, चाकांतून धूर काढणारी. ज्या पुरवणीसाठी हे लिहिते आहे तिच्या वाचकांनी तो फ्लेक्स पाहिला असेल, नसेल. मी मात्र रोज त्याच्याखालून जात होते, आणि रोज माझं रक्त खवळत होतं. सदतीस-अडतीस वर्षं शाळेत गणित शिकवलेली बाई आहे मी. चुकीचं उत्तर फळ्यावर तसंच राहिलेलं मला बघवत नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

माझ्या भावाला वेगाचं वेड नव्हतं. त्याला गिअर बदलण्याचं वेड होतं. या दोन गोष्टींमध्ये फरक आहे आणि तो समजायला फार अक्कल लागत नाही, थोडं ऐकून घ्यावं लागतं. आमचे वडील खडकीला सरकारी कारखान्यात टर्नर होते. आम्ही तिथल्याच क्वार्टर्समध्ये वाढलो. रविवारी आजीकडे जायला एसटी असायची, आणि मिलिंदला ड्रायव्हरच्या मागचीच सीट हवी असायची. मला वाटायचं, याला रस्ता बघायचाय. पण तो डोळे मिटून बसायचा. ड्रायव्हरने गिअर टाकताना खर्रकन आवाज झाला की याचं तोंड कडू औषध घेतल्यासारखं व्हायचं, आणि गिअर अलगद पडला की हा माझ्याकडे बघून मान डोलवायचा, जणू गाण्याच्या बैठकीला बसलाय. पुढे तो मेकॅनिकल इंजिनिअर झाला आणि हडपसरच्या बाजूला एका कंपनीत गिअरबॉक्सच्या टेस्टिंगला लागला. ट्रक-टेम्पोंचे गिअरबॉक्स दिवसभर फिरवत ठेवायचे, ते कुठे कुरकुरतात, कुठे तापतात ते ऐकायचं, हे त्याचं काम. आयुष्यभर तेच काम त्याने केलं आणि एकदाही त्याला कंटाळा आलेला मी पाहिला नाही.

गाडी त्याने चाळिशी उलटल्यावर घेतली. कोल्हापूरकडच्या एका बड्या घराण्यातल्या शेडमध्ये ती ताडपत्रीखाली पडून होती. घरच्या मुलाने हौसेने मागवली, चार दिवस फिरवली आणि टाकून दिली. ट्रकवरून ती कर्वेनगरच्या सोसायटीत उतरली तेव्हा आई गॅलरीतून म्हणाली, “अरे, हिला छप्पर कुठंय?” मिलिंदने मला पहिली फेरी मारून आणली. गिअरची दांडी पातेल्यात पळी फिरावी तशी फिरत होती. क्लच दाबताना त्याच्या कपाळावर घाम येत होता, आणि दुसऱ्या गिअरला प्रत्येक वेळी तोच तो खर्र आवाज. मी म्हटलं, “फसवलं तुला.” तो इतका खूश होता की त्याला माझं बोलणं ऐकूच आलं नाही. “ताई, किती काम आहे बघ हिच्यात,” म्हणाला.

पण मी प्रामाणिकपणे सांगते, पहिलं काम त्याने चुकवलं. स्पोर्ट्स कार आहे म्हणजे क्लच रेसचाच हवा, असं त्यालाही वाटलं होतं. शर्यतीच्या गाड्यांना असते तसली कडक क्लच प्लेट त्याने मागवून बसवली. क्लच प्लेट म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधली चकती. ती धरली की गाडी ओढली जाते, सोडली की इंजिन मोकळं फिरतं. कडक प्लेट धरायची तर एकदम, सोडायची तर एकदम. मधलं काही तिला माहीतच नव्हतं. त्याच सुमारास आईच्या मानेच्या मणक्यांचं दुखणं वाढलं आणि डॉक्टरांनी पट्टा लावायला सांगितला. फिजिओथेरपीला रोज न्यायचं कोण? सुषमा बँकेत, मी शाळेत. मिलिंदची तेव्हा सेकंड शिफ्ट असायची, म्हणून सकाळी तोच न्यायचा, त्या हिरव्या गाडीतून. पहिल्या दिवशी सोसायटीच्या फाटकातून गाडीने अशी उडी मारली की आई दोन्ही हातांनी मान धरून ओरडली. परत आल्यावर एवढंच म्हणाली, “मिलिंद, उद्यापासून रिक्षाच बरी रे बाबा.”

ते वाक्य त्याला लागलं. फार लागलं. आठ दिवस तो कुणाशी धड बोलला नाही, आणि मग त्याने जे सुरू केलं ते पुढे काही वर्षं चाललं होतं. वेगाच्या नावाने गळे काढणाऱ्यांनी हे नीट वाचावं. कडक प्लेट काढून त्याने साधी, मऊ अस्तराची प्लेट बसवली, जिच्या मध्यभागी छोट्या स्प्रिंगा असतात आणि त्या पहिला हिसका पोटात घालतात. गिअरच्या दांडीखालचे झिजलेले बुश, म्हणजे तिला धरून ठेवणारी छोटी नळकांडी, बदलले. ते बाजारात मिळेनात म्हणून आमच्या वडिलांच्या एका जुन्या सहकाऱ्यांकडून लेथवर करून घेतले. मग दांडीचं पळीसारखं गरगरणं थांबलं. क्लचच्या नळीतलं जुनं तेल काढलं, हवा काढली, पेडल इतकं हलकं केलं की सुषमा म्हणाली, माझ्या मिक्सरचं बटण याच्यापेक्षा कडक आहे. गिअरबॉक्स उघडून दुसऱ्या गिअरची सिंक्रो रिंग बदलली. गिअर एकमेकांत अडकण्याआधी दोघांची गती सारखी करणारी ती पितळी कडी. मग गिअर ऑइलवर महिनेच्या महिने घालवले, कारण थंडीच्या सकाळी दुसरा गिअर रुसायचा. मी एकदा वैतागून विचारलं, “अरे, एवढं काय असतं त्यात?” तर म्हणाला, “ताई, दोन जण वेगवेगळ्या गतीने फिरतायत. त्यांची ओळख करून द्यायची. घाई केली तर भांडतात, रेंगाळलं तर जळतात. एवढंच.”

त्याची परीक्षा घ्यायला आई होती. मानेला पट्टा, डोळे मिटलेले, मांडीवर हात. गिअर बदललेला मानेला कळला की बोट वर करायचं, असं ठरलेलं. वारज्याच्या पुलाकडच्या सर्व्हिस रोडवर त्यांच्या फेऱ्या चालायच्या. सुरुवातीला प्रत्येक गिअरला बोट वर. मग तिसरा-चौथा सुटले. दुसरा मात्र बरेच महिने आईच्या बोटातून सुटेना. आणि मग एका सकाळी मीही डिकीच्या वरच्या त्या फळकुटावर अंग चोरून बसले होते, कारण या मायलेकांचं काय चाललंय ते मला एकदा बघायचं होतं. मिलिंदने पहिला टाकला, दुसरा टाकला, तिसरा, पुन्हा खाली दुसरा... बोट वर नाही. तो आरशातून माझ्याकडे बघून हसायला लागला. मग मी पुढे वाकून पाहिलं तर आई गाढ झोपली होती. “हा निकाल धरायचा का गं ताई?” त्याने विचारलं. धरायचा, मी म्हटलं. मान दुखत असलेली बाई स्पोर्ट्स कारमध्ये झोपते, यापेक्षा मोठा निकाल कुठल्या शर्यतीत लागलाय? आई नंतर फार वर्षं राहिली नाही, पण शेवटपर्यंत रिक्षाचं नाव तिने पुन्हा काढलं नाही.

असा हा ‘वेगाचा वेडा’. सिग्नलला गाडी थांबली की लगेच न्यूट्रल, हँडब्रेक आणि पाय क्लचवरून खाली. पुढची रांग चार पावलं सरकली तरी हा सरकायचा नाही. नीट जागा होईपर्यंत थांबायचा आणि मग एकदाच निघायचा. कर्वे रोडला त्याने खाल्लेल्या हॉर्नांची आणि शिव्यांची गणती नाही. अर्धा क्लच दाबून गाडी सरकवत राहायचं, ही आपल्या सगळ्या पुण्याची सवय. त्याच्या दृष्टीने तो गुन्हा होता. आणि त्या गाडीत तर जास्तच. एकदा त्याच्या साहेबांनी मुलाच्या वरातीसाठी गाडी मागितली. साहेब झाले तरी मिलिंदने चक्क नाही म्हटलं. मला सांगत होता, “ताई, तिचा पहिला गिअरच लांब आहे. माणसाच्या चालीने ती चालूच शकत नाही. चालवायची तर अख्खा वेळ अर्ध्या क्लचवर ठेवावी लागेल, आणि मारुतीच्या देवळापर्यंत जायच्या आत प्लेट जळेल. साहेबांना म्हटलं, घोडा आणा. घोड्याला पहिला गिअर लहान असतो.” साहेबांनी ते हसण्यावारी नेलं, असं तो म्हणाला. मला शंका आहे, कारण त्या वर्षी त्याचं प्रमोशन झालं नाही.

आता त्या क्लबकडे येते. शहरातल्या जुन्या गाड्यावाल्यांचा एक क्लब आहे. नाव लिहीत नाही, त्यांना ते फुकट मिळायला नको. मिलिंद पहिल्यांदा गेला तेव्हा तिथल्या अध्यक्षांनी गाडीभोवती फेरी मारली आणि विचारलं, “छान आहे. कुणाकडून आली?” त्यांच्यात गाड्या आजोबांकडून येतात, नाहीतर सासऱ्यांकडून. मिलिंद म्हणाला, “विकत घेतली.” अध्यक्षांनी आडनाव विचारलं. त्याने सांगितलं. “अच्छा, अच्छा...” असं म्हणून ते दुसऱ्या गाडीकडे वळले. हे मिलिंदने मला हसत सांगितलं होतं, मी हसले नव्हते. आमच्या आजोबांकडे बैलगाडीसुद्धा नव्हती, आणि त्यांनी छप्पनला नागपूरला जाऊन दीक्षा घेतली ती पायात चपला नसताना. पण हे सगळं अध्यक्षांना सांगत बसायचं नाही, असा मिलिंदचा स्वभाव. पुढे क्लबवाल्यांना कळलं की कुणाचाही अडकलेला गिअर हा माणूस सोडवतो. मग तो ‘आपला मिलिंद’ झाला. रविवारी सकाळी फोन यायचे, “मिलिंदराव, जरा बघता का?” कमिटीत घ्यायची वेळ आली की मात्र त्यांना मिलिंदराव आठवायचे नाहीत. सातारा रस्त्याला त्यांच्या गाड्या पळायच्या तेव्हा हा सगळ्यांच्या मागून, सगळ्यात शेवटी पोचायचा. ते त्याला ‘वेगाचा वेडा’ म्हणायचे ते चेष्टेने! ती चेष्टा फ्लेक्सवर चढली आणि खरी झाली.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी क्लबची मंडळी आली. भन्तेजींची वंदना झाली, वडिलांचे जुने सहकारी, शेजारीपाजारी बोलले, आणि मग अध्यक्ष उठले. म्हणाले, मिलिंदरावांना खरी श्रद्धांजली म्हणजे त्यांची गाडी रस्त्यावर. येत्या रविवारी सगळ्या गाड्यांची श्रद्धांजली-मिरवणूक काढायची, कर्वेनगरपासून डेक्कनपर्यंत. सगळ्यांत पुढे मिलिंदची गाडी, वरचं कापडी हूड उघडं, शेजारच्या सीटवर हार घातलेला त्याचा फोटो, आणि चालवणार स्वतः अध्यक्ष. सुषमा त्या दिवसांत कशालाही मान हलवत होती. तिने हलवली. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले आणि म्हटलं, “अहो, किती स्पीडने जाणार तुम्ही?”

“ताई, काळजी करू नका,” अध्यक्ष मला समजावत म्हणाले, “मिरवणूक आहे. अगदी माणसाच्या चालीने.”

“त्या गाडीला तेच चालत नाही. पहिला गिअर लांब आहे. मिलिंदने वरातीला दिली नव्हती ती याच कारणासाठी.”

“आम्ही आयुष्यभर गाड्याच चालवतोय हो ताई.” आणि हॉलमधले सगळे हलकेच हसले. दुखवट्याच्या घरात जेवढं हसायला परवानगी असते तेवढं. शोकात बाई भ्रमिष्ट झाली, असा एक भाव त्या हसण्यात होता. मी सुषमाकडे पाहिलं. ती मिलिंदच्या फोटोकडे बघत होती. मी गप्प बसले नाही, दोनदा तेच सांगितलं, पण कुणी ऐकून घ्यायला तयार नव्हतं.

रविवारी मी सुषमाबरोबर मागच्या एका मोठ्या गाडीत होते. पुढे लाऊडस्पीकरचा टेम्पो, त्याच्या मागे ती हिरवी गाडी. वरून झेंडूच्या पाकळ्या पडत होत्या. अध्यक्ष डावा हात उंचावून लोकांना नमस्कार करत होते, जणू निवडणूक जिंकलेत. टेम्पो चार पावलं सरकायचा, अध्यक्ष सरकायचे. पुन्हा चार पावलं. गाडी हुंकार देत होती आणि मला प्रत्येक हुंकार कळत होता... अर्धा क्लच, अर्धा क्लच, अर्धा क्लच. कर्वे पुतळ्याच्या पुढे वास यायला लागला. जळक्या ब्रेकसारखा, नाकात जाणारा. स्कूटरवरची एक मुलगी अध्यक्षांच्या बाजूला येऊन म्हणाली, “काका, काहीतरी जळतंय.” हे महाशय म्हणाले, “बेटा, विंटेज गाडी आहे, असा वास येतोच.” मी उतरून पुढे धावले, या वयात, भर कर्वे रोडवर. बोनेटवर हात मारून ओरडले, “बंद करा! उतरा खाली!” त्यांनी मला हात जोडले. त्यांना वाटलं, मी भारावले आहे.

नळस्टॉपच्या अलीकडे व्हायचं ते झालं. इंजिन जोरात गरगरलं आणि गाडी जागची हलेना. कितीही ॲक्सिलरेटर दाबला तरी आवाज वाढे, चाक फिरेना. प्लेट संपली होती. गाडीखालून धूर आला, निळसर, आणि मिलिंदचा हार घातलेला फोटो त्या धुरात शांतपणे समोर बघत होता. मग क्लबच्या लोकांनी गाडी ढकलत बाजूला लावली आणि लोक त्याचेही फोटो काढत राहिले. आणि तिथे, त्या रस्त्याच्या कडेला, टेम्पोचा माईक हातात घेऊन अध्यक्षांनी जे भाषण केलं ते माझ्या कानांनी ऐकलं: “मित्रहो, बघा... आपल्या मालकाशिवाय पुढे जायला या गाडीने नकार दिला!” टाळ्या! लोकांनी टाळ्या वाजवल्या. दोन बायकांनी डोळे पुसले. दुपारपर्यंत ते मोबाइलवर फिरायला लागलं, ‘मालकाच्या विरहाने गाडी थांबली’, खाली हात जोडल्याची चित्रं. माझ्या स्वतःच्या पुतणीने मला ते पाठवलं. नाही हो, विरहाने नाही थांबली. तुम्ही जाळलीत ती! जी गोष्ट नीट करायला एका माणसाने आयुष्याची उमेदीची वर्षं घातली, ती तुम्ही त्याच्याच नावाने, त्याच्याच फोटोसमोर, एका सकाळी जाळलीत, आणि वर गाडीच्या तोंडी तुमचं वाक्य घातलंत.

दोन दिवसांनी अध्यक्ष घरी आले, हातात एक ड्रॉइंग घेऊन. क्लबच्या आवारात चौथरा बांधायचा, त्यावर गाडी कायमची उभी करायची, वर शेड, समोर पितळी पाटी. “आता काय, चालायची तर ती नाही,” ते म्हणाले, “निदान लोक बघतील तरी.” मी तोंड उघडणार तोच सुषमा बोलली. इतक्या दिवसांत प्रथमच तिचा आवाज बँकेतल्यासारखा निघाला. “चालेल ती. क्लच बदलला की चालेल. आणि मी चालवणार आहे.” अध्यक्ष म्हणाले, “वहिनी, तुम्ही? तुमची तर ऑटोमॅटिक आहे ना?” ती म्हणाली, “आहे. म्हणूनच शिकायला वेळ लागेल. चहा घेणार का आपण?” पुण्यात या प्रश्नाचा अर्थ काय होतो ते अध्यक्षांना बरोबर कळलं. ड्रॉइंग गुंडाळून ते उठले.

वैशाली म्हणून मिलिंदच्या हाताखाली तयार झालेली एक इंजिनिअर आहे, तिशीतली, त्याच टेस्टिंग विभागातली. गाडी तिने मागून घेतली. गिअरबॉक्स उतरवून तिने मला फोनवर सांगितलं, “ताई, बॉक्स एकदम ओके आहे. सरांचं काम आतमध्ये जसंच्या तसं आहे. फक्त प्लेट कोळसा झालीय आणि ती ज्या लोखंडी चाकाला धरते ते फ्लायव्हील निळं पडलंय.” निळं म्हणजे काय, मी विचारलं. “खूप तापलं की लोखंड निळं पडतं,” ती म्हणाली, आणि पुढे, “सर असते ना, तर आठवडाभर कुणाशी बोलले नसते.” तिने फ्लायव्हीलचं तोंड घासून सपाट करून घेतलं, तशीच मऊ अस्तराची प्लेट बसवली, आणि परवा सकाळी गाडी पार्किंगमध्ये आणून लावली. जाताना सुषमाला बजावलं, नवीन प्लेट बसायला वेळ लागतो, काही दिवस सिटीतच चालवा, हळू, घाई न करता, भाजी आणा, दवाखान्यात जा, भरपूर गिअर बदला. मिलिंदला हे फार आवडलं असतं.

काल सकाळी आम्ही दोघी खाली उतरलो. सुषमाने आपल्याबरोबर दोन उशा आणल्या होत्या. मी विचारलं तर म्हणाली, असू देत. मग ती बसली आणि मला कळलं. मिलिंद ताडमाड, ही त्याच्या खांद्याला जेमतेम लागणारी. सीट त्याच्या लांब पायांच्या बेताने मागे सरकवलेली होती, आणि ती तशीच होती. अध्यक्षही उंच, त्यांना हलवावी लागली नव्हती. वैशालीने चालवताना पुढे घेतली असणार, पण परत देताना तिने ती सीटच्या रुळावरच्या सरांच्या खाचेत नेऊन ठेवली होती. सुषमाने दोन्ही उशा पाठीशी घेतल्या, पुढे सरकली, चावी फिरवली, क्लच दाबला आणि गिअर टाकला. खर्रर्र... सबंध पार्किंगभर तो आवाज गेला. तिने पुन्हा टाकला. पुन्हा तोच आवाज.

“पूर्ण दाबतेयस का?” मी म्हटलं.

“दाबतेय ताई.”

नव्हती दाबत. मी शेजारच्या सीटवरून वाकून पाहिलं, तिच्या पायाचं फक्त टोक पेडलवर होतं आणि पेडल तळापासून चांगलं चार बोटं वर. क्लच अर्धवट धरलेला, त्यावर ती गिअर रेटत होती. “सीट पुढे घे,” मी म्हटलं.

“नको.”

“सुषमा, सीट पुढे घे.”

“नको ना ताई!” ती एकदम ओरडली. आजवर ती माझ्याशी वर आवाज करून बोलली नव्हती. “त्याचे कपडे मी देऊन टाकले. चष्मा जुने चष्मे गोळा करणाऱ्यांनी नेला. बिछाना गुंडाळला. ही एकच जागा आहे जी त्याने लावली तशीच आहे. इथे बसलं की... मला कळतं तो केवढा होता ते.”

गेले कित्येक आठवडे मी सगळ्यांवर चिडत होते. मावसभावावर, फ्लेक्सवर, अध्यक्षांवर, टाळ्या वाजवणाऱ्यांवर. त्या क्षणी मला तिचा राग आला, आणि तोच राग सगळ्यात मोठा होता, कारण तिच्यावर चिडायचा मला काहीही अधिकार नव्हता. तरी मी बोलले. म्हटलं, “त्यांनी फोटोसाठी त्याचा क्लच जाळला. तू एका खाचेसाठी त्याचे गिअर खाणार आहेस का?”

ती समोर भिंतीकडे बघत राहिली. इंजिन चालू होतं. वरच्या मजल्यावर कुणाचा तरी कुकर शिट्टी देत होता. मग तिने हात सीटखाली घातला. दांडी ओढली, पण तिच्या एकटीने सीट सरकेना. मी खाली उतरून तिच्या बाजूला गेले, सीटच्या पाठीला दोन्ही हात लावले आणि रेटलं. पहिली खाच सुटताना खट् असा आवाज झाला आणि तिने डोळे मिटून घेतले. दुसरी खाच... तिसरी... मी रेटत होते आणि मला ते करवत नव्हतं. उशा मागे घसरून पडल्या. सीट थांबली तेव्हा तिचे गुडघे स्टिअरिंगखाली नीट वाकले होते, आणि मिलिंद जिथे बसायचा तिथे मागे आता नुसती रिकामी फट होती.

मी माझ्या जागी येऊन बसले. सुषमाने डोळे पुसले, आरसा आपल्या उंचीला वळवला आणि क्लच दाबला, अगदी तळापर्यंत. मी तिच्या हाताकडे बघत होते, म्हणून मला कळलं की पहिला गिअर पडला.